काळ्या मातीच्या विटेत कारखान्याची राख: माप कुठे चुकतं आणि भट्टी कुठे बिघडते

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात भट्टी आहे, माती काळी. कच्च्या विटा वाळताना तडकायच्या, म्हणून साखर कारखान्याच्या बॉयलरची राख पाच पाट्या मातीला एक पाटी अशी मिसळली. तडे कमी झाले. पण भट्टी उघडल्यावर मधल्या थरांतल्या विटा एकमेकींना चिकटून खंगर झालेल्या, कडेच्या पोचट, म्हणजे कमी भाजलेल्या, आणि फोडून पाहिलं तर आत काळा गाभा. राख जास्त झाली का? आणि फौंड्रीची (लोखंड ओतायच्या साच्यांची) वाळू, फ्लाय अ‍ॅश, लाल चिखल यांतलं काय घेण्यासारखं आहे?

राख जास्त झालेली नाही. राखेतून न जळलेला कोळसा विटेच्या पोटात गेला आणि भट्टीत थरांमध्ये टाकायचा कोळसा मात्र दरवर्षीइतकाच राहिला. सगळा घोटाळा इथे आहे.

आधी माप पाहू. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्यात कोरडी, फोडलेली काळी माती सैल भरली तर साधारण १८-१९ किलो बसते. तोच डबा बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, कोरड्या राखेनं भरला तर ५-६ किलोच भरतो. म्हणजे पाटीनं सहावा हिस्सा दिसणारी राख वजनानं जेमतेम ६ टक्के असते. वर ती ओली असते. कारखान्याच्या धुराड्याच्या वाटेवर पाण्याचे फवारे असतात, तिथली राख चिखलासारखी निघते आणि ढिगाच्या तळाशी तिच्या निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. सकाळी ढिगाच्या माथ्यावरून भरलेली पाटी आणि दुपारी पायथ्यापासून भरलेली पाटी यांत कोरड्या राखेचं प्रमाण दुपटीनं वेगळं निघतं. एकाच भट्टीत काही विटा बऱ्या आणि काही वाया, असं होण्याचं हे एक कारण. तेव्हा राख एकदा पसरून वाळवा, डब्याचं वजन करा आणि डब्याला आतून रंगाची रेघ मारा. मग गारा (विटेचा चिखल) करणारा मराठी बोलणारा असो की कन्नड, 'रेघेपर्यंत' एवढंच समजलं की पुरे.

आता कोळशाचा हिशेब. ९ × ४ × ३ इंची वाळलेली कच्ची वीट ३.२ किलोच्या आसपास भरते. त्यात ६ टक्के म्हणजे सुमारे १९० ग्रॅम राख. बगॅसची राख दिसायला राख असली तरी जुन्या बॉयलरची किंवा ओलं बगॅस जाळल्याची असेल तर तिच्यात तिसरा हिस्सा न जळलेला कोळसा असू शकतो. ३५ टक्के धरला तर विटेच्या पोटात ६७ ग्रॅम कोळसा गेला. एका ग्रॅम कार्बनला सुमारे ७.८ किलोकॅलरी, म्हणजे वीटभर ५२० किलोकॅलरी. साध्या भट्टीत एक वीट भाजायला १५०० ते १८०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा जळण विटेतच होतं, वर थरांतला कोळसा पूर्ण होता. मधला भाग तापत गेला आणि वितळला. कडेच्या ओळी बाहेरच्या वाऱ्यानं उष्णता गमावतातच, त्यांना मात्र पोटातल्या कोळशानं पुरेसा आधार दिला नाही.

दहा हजार विटांना हा आतला कोळसा साधारण १.३ टन साध्या दगडी कोळशाइतका होतो, ४००० किलोकॅलरीचा धरून. म्हणजे बाहेरचा कोळसा तेवढा कमी करायचा का? पूर्ण नाही. आतला काही भाग सुरुवातीच्या धुरातच धुमसून जातो, म्हणून पहिल्या खेपेला त्याच्या पाऊण पटच, साधारण एक टन कमी करा. आणि तो सगळा मधल्या थरांतून काढा. बाहेरच्या दोन ओळींचा कोळसा तसाच ठेवा, लिंपण बोटभर जाड करा. खंगर आणि पोचट ही दोन्ही दुखणी याच एका बदलानं कमी होतात.

हे सगळं राखेत कोळसा किती आहे यावर अवलंबून आहे. तो डोळ्यांनी कळत नाही. करडी राख बरी, काळी वाईट, इतकाच अंदाज. नीट कळायला राख आधी १०५-११० अंशांवर वाळवायची, मग मुशीत घालून ७५० ते ९०० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवायची. जेवढं वजन घटेल तो जळणारा भाग. ही चाचणी फौंड्रीवाले आपल्या वाळूची करतात, त्यामुळे बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत ज्याच्याकडे मफल फर्नेस (चाचणीची बंद भट्टी) आहे त्याच्याकडून राखेच्या एका पिशवीचं काम सहज होतं. १० टक्क्यांच्या आत निघाली तर ती राख मातीला मोकळं करायलाच उपयोगी. २० च्या वर गेली तर तिला जळण समजूनच वागा. गाळप सुरू होतानाची राख आणि फेब्रुवारीतली राख एकाच कारखान्याची असूनही वेगळी निघते, म्हणून दर ढिगाची चाचणी वेगळी.

राख २-३ मिलिमीटरच्या जाळीतून चाळली की जाळीवर हलका, काळा, काडीसारखा चोथा राहतो. बराच कोळसा त्यात असतो. तो मातीत घालू नका, बाजूला ठेवून थरांमध्ये जळण म्हणून टाका. चाळणीखालची राख मातीत घाला. हे एक काम केलं तरी काळ्या गाभ्याची तक्रार कमी होते.

काळा गाभा होतो तो असा. विटेच्या आतला कोळसा जळायला बाहेरून हवा आत शिरावी लागते. भट्टी ६५० ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळली तर हवा आत जाते, कोळसा जळून जातो आणि मातीतलं लोह लाल होतं. पण आग घाईनं चढली तर विटेची कातडी आधी आवळते, आत हवा पोचत नाही आणि उरलेला कोळसा मातीतल्या लोहाचा प्राणवायू ओढून घेतो. ते लोह काळं होतं आणि माती लवकर वितळवतं. आतून वायू सुटत असेल तर वीट फुगते. म्हणून काळा गाभा नुसता रंगाचा दोष नाही, तशी वीट पुढे थोडी जास्त आग लागली की फुगणार. उपाय भट्टी रचतानाच करायचा: बोळ (भट्टीच्या बुडातल्या आगीच्या वाटा) मोकळे, विटांमध्ये बोट जाईल एवढी फट आणि मधल्या थरांत कोळशाची भुकटी दाबून भरायची नाही. सुरुवातीचा पांढरा वाफेचा धूर संपेपर्यंत बोळांची तोंडं उघडी राहू द्या. ती लवकर बुजवली की कोळसा कोंडतो आणि मग पुढं कितीही दिवस आग ठेवा, गाभा काळाच.

आता मूळ मुद्दा. राख फुकट मिळते म्हणून ती घ्यायची नाही. आपल्या मातीचा दोष कोणता ते आधी ठरवायचं आणि त्याला जे उत्तर असेल ते घ्यायचं. तुमच्या मातीचा दोष आहे तिचं फुगणं आणि आकसणं. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि वरची कातडी आधी आकसल्यानं वीट फाटते. ओल्या विटेवर खिळ्यानं बरोबर १०० मिलिमीटरवर दोन रेघा मारा आणि वाळल्यावर अंतर मोजा. ८८ आलं तर आकस १२ टक्के आहे. हे अंतर ९२-९३ च्या खाली येऊ न देण्यासाठी मिश्रण बांधायचं असतं. हे काम वाळूसारख्या, पाणी न पिणाऱ्या मालानं होतं. राखही तडे कमी करते, पण तिचे दाणे सच्छिद्र असल्यानं ती पाणी ओढते, गाऱ्याला जास्त पाणी मागते आणि कोळसाही सोबत आणते. म्हणून तुमच्या मातीला निव्वळ राख हे अर्धवट उत्तर झालं.

काळ्या मातीसाठी सुरुवातीचं मिश्रण कोरड्या वजनानं असं धरा: माती ८०, फौंड्रीची वाळू किंवा खडी क्रशरची बारीक भुकटी १५, चाळलेली राख ५. वर रेघांची चाचणी करून वाळू १० ते २० मध्ये पुढं-मागं करा. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला मातीची कथा उलटी आहे. तिथली तांबडी माती आधीच भरड, तिच्यात वाळू घातली तर वीट ठिसूळ होते. तिथं राख ४-५ टक्के किंवा भाताचं तूस १-२ टक्के जळण म्हणून चालतं, आणि चिकटपणा कमी असेल तर तळ्याचा गाळ किंवा थोडी काळी माती घालावी लागते. निपाणीकडच्याला जे लागू पडतं ते खानापूर तालुक्यातल्या नंदगडकडच्याला लागू पडत नाही, हे इथल्या भट्टीवाल्यांना सांगायची गरज नसावी, तरी मिश्रणाची कृती मात्र एकमेकांची पाहून उचलली जाते.

फौंड्रीची वाळू दोन प्रकारची येते आणि फरक वासावर नव्हे तर विचारून ठरवा. एक ग्रीन सँड, म्हणजे सिलिका, बेंटोनाइट (एक चिकण माती) आणि थोडी कोळशाची पूड. ही विटेला उत्तम, कारण तिच्यातलं बेंटोनाइट गाऱ्याला चिकटपणा देतं. दुसरी रेझिनने (रासायनिक डिंकाने) बांधलेली, कोअरची, म्हणजे साच्याच्या आतल्या गाभ्याची वाळू. ती तापताना उग्र वास सोडते, फिनॉलसारखे पदार्थ निघतात. ती घेऊ नका. ग्रीन सँडमध्ये लोखंडाचे बारीक मणी आणि कपच्या असतात, ते जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून ढिगावरून फिरवून काढा. राहिले तर विटेवर काळे डाग पडतात आणि गिलाव्यावर पुढं गंज फुटतो. दुसरी गोष्ट, वाळूतला क्वार्ट्झ ५७३ अंशांवर आकार बदलतो. तापताना एकदा, थंड होताना परत एकदा. वाळू जास्त असलेली भट्टी वळवाच्या भीतीनं लवकर उघडली की थंड हवा लागून विटेला सूक्ष्म चिरा पडतात. वीट दिसायला चांगली, पण दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत न वाजता बद्द वाजते. भट्टीचं कवच हाताला सोसेल इतकं गार होईपर्यंत पाडू नका.

फ्लाय अ‍ॅश म्हणजे औष्णिक केंद्रात दगडी कोळसा जळाल्यावर धुरातून पकडलेली बारीक राख. जवळची म्हणजे विजयपूर जिल्ह्यातल्या कुडगीच्या औष्णिक केंद्राची. तिचा कोळसा कमी, दाणा बारीक आणि काळ्या मातीत २० ते ३० टक्क्यांपर्यंत ती छान बसते. आकस कमी होतो आणि वीट हलकी होते. तळ्यातली राख, म्हणजे पाण्यातून साठवलेली, भरड असते आणि ओल धरून येते, तिचं वजन वाळवूनच मोजा. सरकारनं १९९९ मध्ये औष्णिक केंद्राच्या ५० किलोमीटरमधल्या वीटवाल्यांना वजनानं किमान २५ टक्के राख घालणं सक्तीचं केलं होतं. ही मर्यादा २००३ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाली. ३१ डिसेंबर २०२१ ची नवी अधिसूचना या सगळ्याच्या जागी आली. तुमच्यासाठी मुद्दा इतकाच की ही राख मिळते, फक्त वाहतुकीचं गणित बसायला हवं. राख फुकट असली तरी डिझेल फुकट नसतं, आणि विटेत ती २० टक्के म्हणजे हजार विटांना साडेसहाशे किलो लागते.

लाल चिखल बेळगावच्या यमनापूरच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याचा टाकाऊ गाळ. यात लोह भरपूर, म्हणून वीट सुंदर लाल येते, आणि सोडा असल्यानं कमी आगीतही चांगली शिजते. पण तोच सोडा नंतर भिंतीवर लोणा (पांढरा क्षार) होऊन फुटतो. ताजा चिखल तीव्र क्षारीय असतो, हात-पाय जाळतो, डोळ्यात गेला तर गंभीर. जुना, पावसानं धुतलेला घ्या, ३ ते ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका आणि गारा तुडवणाऱ्याला अनवाणी आत सोडू नका. माझा कल सांगायचा तर साध्या भट्टीवाल्यानं याच्या फंदात न पडलेलं बरं. लाल रंगासाठी तांबडी माती मिळते.

प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यातल्या रसाचा गाळ, त्याबद्दल दर वर्षी कोणीतरी विचारतं. उसाच्या शेताला त्याची जास्त गरज आहे. विटेत २ टक्क्यांवर घाण वास, गंधकाचे क्षार आणि चुन्याचे खडे, तीन दुखणी सोबत येतात. डिस्टिलरीच्या भस्मीकरणाची राख तर बिलकुल नको. तिच्यात पोटॅश इतका असतो की वीट विरघळल्यासारखी मऊ पडते आणि मग लोणा. ती पोटॅश खत म्हणून विकली जाते, तेच तिचं योग्य ठिकाण. निपाणीच्या तंबाखूच्या देठांची राखही याच कारणानं वाईट.

आणि प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याचा) गाळ, रंगाचा गाळ, सांडपाण्याच्या संयंत्राचा गाळ कोणी गाडीभाडं देऊन देत असेल तरी घेऊ नका. क्रोमचा गाळ विटेत 'बांधला' जातो असं सांगतात. मातीत चुना असेल आणि हवा भरपूर असेल तर भट्टीत निरुपद्रवी क्रोमचं विषारी, पाण्यात विरघळणाऱ्या क्रोमात रूपांतर होतं, आणि आपल्या काळ्या मातीत चुना आहेच. २२ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी भट्टीत पेटकोक (तेलशुद्धीकरणातून निघणारा कोळसा), टायर, प्लास्टिक आणि घातक कचरा जाळायला बंदी केली आहे. नवीन भट्टी वस्ती आणि फळबागांपासून किमान ८०० मीटरवर असावी, हेही त्यातच.

मिसळण्याचं काम बहुतेक जण सगळ्यात हलकं धरतात. खरा घोळ तिथंच होतो. ओल्या चिखलात राख टाकली की तिचे गोळे होतात, गोळ्याच्या जागी विटेत काळं भोक पडतं आणि वीट आधी तिथंच तुटते. सगळं कोरडं मिसळायचं. कठीण जमिनीवर फोडलेली माती वीतभर जाड पसरा, तिच्यावर वाळू, तिच्यावर राख, परत माती, असे तीन-चार थर करा. मग ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर आडवा-उभा दोनदा फिरवा, किंवा खोऱ्यानं ढीग उभा कापत दोन वेळा उलटा. रंग एकसारखा दिसला की पाणी घाला आणि ओल्या गोणपाटाखाली निदान २४ तास, काळी माती असेल तर ४८ तास भिजू द्या. चिकणीच्या ढेकळांना आत पाणी पोचायला इतका वेळ लागतोच, तुडवून तो वाचत नाही. राखेची धूळ श्वासात घेण्यासारखी नाही. पसरताना हलकं पाणी मारा, मास्क वापरा, मुलांना बाजूला ठेवा.

काळ्या मातीतले चुनखडीचे खडे राखेनं झाकले जात नाहीत. ते भाजून कळीचा चुना होतो, भट्टीतून काढल्यावर हवेतल्या ओलाव्यानं तो फुगतो आणि विटेचे टवके उडतात. खडे मटाराइतके असतील तर आधी चाळणंच हवं. थोडेच असतील तर भट्टीतून काढलेली वीट बाजारात पाठवण्याआधी पाण्यात बुडवून ठेवा.

पहिला प्रयोग लहान करा. राख ०, ४, ६ आणि ८ टक्के, वाळू सगळ्यांत १५, असे चार लॉट, प्रत्येकात ५० विटा. ओल्या विटेवर बोटानं एक, दोन, तीन, चार खुणा दाबा, कागदी चिठ्ठ्या जळतात. भट्टीच्या मधल्या थरात, एकाच ओळीत, शेजारी-शेजारी ठेवा, कडेला ठेवलेल्याची तुलना करून काही उपयोग नाही. भाजल्यावर प्रत्येक लॉटच्या पाच विटा पाणी शोषणाला, पाच दाबाला. पाण्याची चाचणी घरी होते: वाळवून थंड केलेली वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत तोला. २.८५० किलोची वीट ३.३३४ झाली तर वाढ ४८४ ग्रॅम, म्हणजे १७ टक्के. विटांचं भारतीय मानक आयएस १०७७ नुसार १२.५ वर्गापर्यंतच्या (वर्ग म्हणजे दाब सोसण्याची ताकद) विटेला २० टक्क्यांपर्यंत चालतं, त्याच्या वरच्या वर्गांना १५. दाबासाठी मशीन असलेली प्रयोगशाळा लागते, तिथं सर्वांत खालचा वर्ग ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे. लोणा तपासायला विटेचं एक टोक २५ मिलिमीटर पाण्यात उभं करून पाणी आटू द्या, पुन्हा तितकंच घाला, परत आटू द्या. पांढरेपणा विटेच्या १० टक्के पृष्ठभागाच्या आत असेल तर किरकोळ, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम. त्याच्या वर गेला तर त्या लॉटची राख बदला.

यंदाचा हंगाम जानेवारीत सुरू करत असाल तर हा प्रयोग पहिल्याच भट्टीत घाला, मोठी मिसळणी दुसऱ्या भट्टीपासून. मृगाच्या आधी तिसरी भट्टी निघेल त्या सुमारास कुठली ओळ खणखणीत वाजते ते कळेल.